राखणीची पाळी

एका माळरानाच्या कडेला, बाभळीच्या बनात सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. बालमित्रांनो, या थव्याला ना राजा होता, ना मुकादम. बाकीचे पालापाचोळा उलथून किडे टिपत, तेव्हा एकजण शेंड्यावर बसून राखण करी. थोड्या वेळाने दुसरा आपणहून वर जाई आणि म्हणे, "उतर, आता मी बसतो." एवढाच काय तो त्यांचा कायदा.

एकदा राखणीला बसलेल्या एका सातभाईला खाली वाळवी निघालेली दिसली. त्याच्या तोंडाला पाणी सुटले. "घटकाभर उतरलो तर कोण मला फासावर देणार आहे?" असे म्हणत तो उतरला आणि वाळवीवर तुटून पडला. तेवढ्यात शिक्रा झेपावला आणि त्याच्या बहिणीला उचलून घेऊन गेला.

संध्याकाळी सगळे फांदीवर अंगाला अंग लावून बसले. बहीण रोज त्याला खेटून बसे, चोचीने त्याच्या मानेवरची पिसे विंचरून देई. आज त्या बाजूने वारा लागत होता. "मला शिक्षा करा रे कुणीतरी!" तो म्हणाला. "कोण करणार, बाबा? आपल्यात राजा कुठाय?" म्हातारी मावशी म्हणाली. शेजारच्या झाडावरच्या कावळ्याला आयतीच संधी मिळाली. "म्हणून तर सांगतो, राजा नेमा! नाहीतर ही अशी बेबंदशाही." मावशी फणकारली, "राजा काय शेंड्यावर बसणार आहे होय? तिथे आमच्यातलाच कुणीतरी बसणार."

उजाडताच तो कुणी न सांगता शेंड्यावर गेला. ऊन चढले तरी उतरेना. ज्या दिशेला बहीण दिसेनाशी झाली, तिकडे त्याचे डोळे लागले होते. ती येणार नाही हे ठाऊक होते, तरी नजर हटत नव्हती. शेवटी मावशी धापा टाकत वर आली. "उतर, दोन घास खा. आता मी बसते."

"उद्या मला परत बसू द्याल? भरवसा राहिलाय माझा?"

"तुझी बहीण इथे बसायची, तेव्हा ती आहे की नाही हे तू कधी मान वर करून पाहिलंस?"

"नाही."

"मग उद्या आम्हीही नाही पाहणार. जा."

तात्पर्य : राजाशिवायही राहता येते, मात्र तिथे पाळी चुकवणाऱ्याला शिक्षा करणारे कोणी नसते, आणि म्हणूनच ती शिक्षा जन्मभर संपत नाही.