पानामागचं पथ्य

फार फार पूर्वी, म्हणजे जंगलातल्या प्राण्यांना वाचता येत होतं त्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी पानघर होतं. मुलांनो, हसू नका. तुम्हाआम्हाला वाचता येतं, तर त्यांनाच का येऊ नये? या पानघरात ताडाची पानं रचून ठेवलेली होती आणि जंगलाचं सगळं शहाणपण त्यांवर लिहिलेलं होतं. कुठल्या झऱ्याचं पाणी कधी प्यावं, पोट दुखलं तर काय खावं, भांडण कसं मिटवावं, सगळं काही.

पानघर सांभाळायची एक साळिंदर. सगळे तिला साळूबाई म्हणत. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालत आलेलं. अंगावरचा काटा उपटायचा, शाईत बुडवायचा आणि लिहायला बसायचं. घराण्याची एक रीतही होती. पानाच्या पुढच्या बाजूला औषध लिहायचं आणि मागच्या बाजूला त्याचं पथ्य.

साळूबाई हुशार होती, पण कामात भारी संथ. हवं ते पान सापडायला तिला कधी एक दिवस लागे, कधी तीन. ससा एकदा सर्दीवर औषध विचारायला आला, तर पान सापडेपर्यंत त्याची ती सर्दी बरी होऊन दुसरी झाली होती.

मग एका वर्षी काजव्यांचा थवा पानघराच्या दारात आला. त्यांचा म्होरक्या अदबीने म्हणाला, "साळूबाई, तुमची पानं आम्हाला पाठ करायची आहेत. कुणी काही विचारलं, की आम्ही भिंतीवर बसून अक्षरं काढू. सगळ्यांची सोय होईल."

साळूबाईने नाक मुरडलं. "करा की! शेपटीला दिवा लावला म्हणून कुणी पंडित होत नाही," असं म्हणून ती त्यांच्याकडे पाठ फिरवून बसली, ती त्यांचं पाठांतर संपेपर्यंत. म्होरक्याने मध्ये दोन-तीनदा हाक मारली. तिने ओ दिली नाही.

काजव्यांनी जवळच्या एका अंधाऱ्या गुहेत मुक्काम ठोकला. प्राण्याने प्रश्न विचारायचा अवकाश, भिंतीवर लखलखीत उत्तर उमटे. तेही चार-पाच शब्दांत! सगळं जंगल खूश झालं. गुहेपुढे रांगा लागल्या आणि पानघराच्या उंबऱ्यावर गवत वाढलं.

आता खरं सांगायचं, तर साळूबाईसुद्धा एकदा गुपचूप तिथे जाऊन आली. गुडघेदुखीवर तिला डोळ्याचं पातं लवायच्या आत उपाय मिळाला. मग काय, तिलाही चटक लागली. घरी येऊन पान हातात घेतलं, की दोन ओळींतच तिचं मन उडायला लागे. याची तिला लाज वाटायची, पण ती कुणाला सांगायची नाही.

शेवटी सिंहमहाराजांचा हुकूम आला. "पानघरात कुणी फिरकत नाही. सीमेचा दिवस मावळला की ती जागा माकडांना फळं ठेवायला द्यावी." साळूबाईचा जीव गलबलला. ज्या जागेत आजी-पणजीचे काटे झिजले, तिथे आता केळ्यांचे घड लटकणार होते.

सीमेचा दिवस म्हणजे या जंगलाचा मोठा दिवस. त्या दिवशी राजा टेकडीवर चढून गर्जना करी. जिथवर ती ऐकू जाई, तिथवर आपलं जंगल, असा शेजारच्या लांडग्यांशी जुना करार होता. आणि नेमका त्याच वर्षी, बारा दिवस आधी, महाराजांचा घसा बसला!

काजव्यांनी तत्काळ उपाय सांगितला. "मधातून ज्येष्ठमध, रोज तीनदा." महाराजांनी चार दिवस औषध नेमाने घेतलं. आवाज सुटला का, हे बघायला ते रोज सकाळ-संध्याकाळ जोर लावून गर्जनाही करत. पाचव्या दिवशी त्यांच्या तोंडून मांजराच्या पिल्लासारखा आवाज निघाला. दरबारात हसायची कुणाची छाती झाली नाही, पण कोल्हेप्रधानांना अचानक खोकला आला.

प्रधानांनी साळूबाईला बोलावून सगळं सांगितलं. तिच्या काळजात धस्स झालं. त्या औषधाला पथ्य होतं खास! पण कोणतं, ते काही केल्या आठवेना. पान शोधत बसावं, तर हातात उरले होते फक्त आठ दिवस, आणि पथ्य पाळायलाही दिवस लागणारच.

साळूबाईने अभिमान गिळला आणि तडक गुहा गाठली.

"घशाचं पान कुठे आहे रे?"

"उत्तरेचं फडताळ, वरून सतरावं," म्होरक्याने लगेच सांगितलं.

"आणि त्याच्या मागे काय लिहिलंय?"

"मागे?" म्होरक्या गोंधळला. "मागेसुद्धा लिहिलेलं असतं? बाई, आम्ही केवढेसे! आम्हाला पान उलटतं होय? त्यासाठीच तर तेव्हा तुम्हाला हाका मारत होतो."

साळूबाईचे उभे काटे हळूच खाली बसले. "चुकलं माझं," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

सतरावं पान मिळालं. तिने ते उलटलं, मन पळू लागलं तसं पुन्हा पहिल्या ओळीवर आणलं आणि सावकाश शेवटपर्यंत वाचलं. मग दरबारात जाऊन तिने सांगितलं, "महाराज, औषध बरोबर आहे. पण त्यासोबत सात दिवस मौन पाळायचं. साधा हुंकारसुद्धा नाही."

महाराज "बरं" म्हणायला तोंड उघडणार, तोच ती ओरडली, "महाराज, तोंड!"

पुढचे सात दिवस राज्य शेपटीवर चाललं. शेपटी एकदा आपटली तर हो, दोनदा आपटली तर नाही. राजाला मध्येच बोलता येत नसल्यामुळे कामं दुपारच्या आत उरकू लागली, हे सगळ्यांनाच आवडलं.

सीमेच्या दिवशी महाराज टेकडीवर चढले. खाली साळूबाई डोळे मिटून उभी होती. पथ्याचा गुण आला नाही, तर पानघर संध्याकाळी माकडांचं होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि गर्जना झाली! तिसऱ्या डोंगरापलीकडे बिऱ्हाड पाठीवर बांधून वाट बघत बसलेले लांडगे आल्या वाटेने परत गेले. इकडे माकडं टोपल्या घेऊन पानघराच्या दारात हजर होती. महाराजांनी सात दिवसांची बोलायची सगळी भूक एका वाक्यात भागवली. "उचला त्या टोपल्या!"

त्या दिवसापासून काजवे पानघरात राहायला आले. साळूबाई त्यांना रोज पानं उलटून देऊ लागली आणि ते तिला फडताळं सांगू लागले. प्राण्याला पान आता क्षणात मिळे, पण त्याने दोन्ही बाजू स्वतः वाचल्याशिवाय साळूबाई त्याला दाराबाहेर सोडत नसे.

"एवढं सगळं वाचू?" ससा कुरकुरला.

"सर्दी कुणाची आहे?" साळूबाई म्हणाली. सशाने निमूटपणे पान उलटलं.

लहानथोरहो, सांगायचं ते एवढंच: झटपट मिळालेलं उत्तर आनंदाने घ्यावं, पण पुरतं वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नये.