मुदत संपलेली मोटार

धुराचे नियम दर वर्षी कडक होत होते, आणि घाटातल्या तपासणी नाक्यावरचे टेंगसेसाहेब त्याहून कडक. एका धुकट सकाळी वत्सलाबाई गुंजाळांची जुनी मोटार आली. बाई डाव्या सीटवर होत्या. साहेबांनी मागे जाऊन सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि ओरडले, “ड्रायव्हर, रेस दे!”

इंजिन गुरगुरलं. धूर निघाला, पण बर्फासारखा गार.

साहेब डाव्या खिडकीशी येऊन गरजले, “मुदत संपली की रस्त्यावर फिरायचं नाही!”

“हेच मी आमच्या ह्यांना तेराव्यापासून सांगतेय,” बाई म्हणाल्या. “माझं ऐकत नाहीत. आता तुम्हीच सांगा.”

साहेबांनी वाकून पाहिलं. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. ॲक्सिलरेटर हळूच दबला.

साहेबांनी पासचं सर्टिफिकेट आत धरलं. ते उजवीकडून कुणीतरी ओढून घेतलं.