दरीच्या वाट्याची थंडी

फार पूर्वी एक तरुण पाकोळी पक्षीण दूर उत्तरेकडून हवामान शिकून आपल्या डोंगरावर परतली. हिवाळ्याचा अंदाज सांगितला की सगळे खूश होतील, असं तिला वाटलं होतं. पण दरीत भांडणच पेटलं.

"यंदा डोंगरावर ऊब राहील आणि थंडी दरीत उतरून बसेल. पिल्लांना घेऊन वर चला," ती म्हणाली.

"तू वर राहतेस, म्हणून ऊबही वरच होय गं?" दरीत घरटं असलेली लावी पक्षीण फणकारली. "गेल्या साली कडाका आमच्याच वाट्याला. यंदा दे की डोंगराला."

सगळे हसले. लावीची पिल्लं मात्र तेव्हाच कुडकुडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकोळीने ठरवलं, लावी वर निघेपर्यंत आपणही दरीतच राहायचं. आणि तिच्या शेजारी बिऱ्हाड मांडून, कुडकुडत, तिने तोच अंदाज पुन्हा सांगितला.