टेकडाईचे चांदीचे डोळे

गाडीरस्ते नव्हते, पायवाटाच होत्या, त्या काळातलं हे गाव. गावाच्या मधोमध टेकडी. उगवतीला वरची आळी, मावळतीला खालची आळी आणि माथ्यावर टेकडाई देवीचं लहानसं देऊळ. देवळाचं दार उगवतीला होतं. खालच्या आळीच्या माणसांना आत जायची मुभा नव्हती. ती देवळाच्या मागच्या भिंतीशी उभी राहत, तिथेच एका दगडावर पणती लावत आणि घरी जात.

टेकडाई म्हणजे शेंदराने माखलेला कमरेएवढा दगड. नवस फिटला की देवीला शेंदराचा एक लेप द्यायचा, असा गावाचा रिवाज होता. किती पिढ्यांचे लेप एकावर एक बसले होते, कोण जाणे. त्यावर नाक नव्हतं, तोंड नव्हतं, नुसते दोन चांदीचे डोळे लावलेले होते. गुरव रोज सकाळी देवीला दह्याने न्हाऊ घालायचा. शेंदरावरून ओघळलेलं दही-पाणी खालच्या परातीत जमायचं. तेच तीर्थ. वरच्या आळीतल्या प्रत्येक मुलाच्या ओंजळीत गुरव ते पळीभर ओतायचा.

एका वर्षी नवस फार फिटले, लेपांवर नवे लेप चढले आणि त्याच वर्षी वरच्या आळीतली मुलं आजारी पडू लागली. पोटात कळा यायच्या, चेहरे पांढरेफटक पडायचे. पाटलाचा धाकटा मुलगा गेला. मग गुरवाची नात सगुणा अंथरुणाला खिळली. सहा वर्षांची आईवेगळी पोर. तिला उजव्या हाताने वाटीसुद्धा उचलता येईना.

पाटलाने वरच्या आळीला बोलावलं. तो म्हणाला, "खालच्या आळीतलं एकही पोर आजारी नाही. हे त्यांचंच काम आहे. पुढच्या शुक्रवारी देवीचा कौल घेऊ. कौल मिळाला की त्यांची घरं पेटवायची."

कौल लावणार गुरव. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना फूल चिकटवायचं आणि आधी कोणतं पडतं ते बघायचं. सैल लावलेलं फूलच आधी पडतं, हे गुरवाला ठाऊक होतं. ते त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी गावची सुईण त्याच्या घरी आली. दोन्ही आळ्यांतली मुलं तिच्याच हातावर जन्मली होती.

"गुरवदादा, पोरीचं तोंड उघडा जरा."

सगुणाच्या हिरड्यांच्या कडेला निळी-काळी रेघ होती.

"अशी रेघ मी सतरा पोरांच्या तोंडात बघितली. सगळी वरच्या आळीची."

"मग पाटील खोटं काय बोलतोय?"

"खालची पोरं बरी आहेत, एवढं तो खरं बोलतोय. पण ती बरी का आहेत, ते कोणी विचारलं? वारा तोच, ओढा तोच, बोरंसुद्धा एकाच झाडाची चोरतात. आपल्या पोरांना मिळतं आणि त्यांना मिळत नाही, असं काय आहे?"

गुरवाने पोरीच्या अंगावरची वाकळ सारखी केली.

"शेंदूर मी गळवाच्या मलमात घालते," सुईण म्हणाली. "पोटात कधी देत नाही. आईने मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच. आणि दह्यासारखं आंबट लागलं की तो त्यात उतरतो."

"तीर्थाला विष म्हणतेस? जीभ झडेल तुझी."

"झडू दे. आठ दिवस तिला पळी देऊ नका. नुसती पेज द्या. मग मला काय बोलायचं ते बोला."

गुरवाने तिला हाकलून दिलं. पण सगुणाला पळी दिली नाही. देवळात मात्र तो रोजच्यासारखा बसला आणि रोजच्यासारखं इतरांच्या मुलांच्या ओंजळीत तीर्थ ओतत राहिला.

आठव्या दिवशी सगुणा उठून बसली. म्हणाली, "आजोबा, पेज अजून द्या ना."

गुरवाला आनंद व्हायला हवा होता. पण तीर्थ ओतणारे आपले हात त्याने उलटसुलट करून बघितले आणि तो तसाच देवळाकडे निघाला. तो शुक्रवार होता. सारी वरची आळी जमली होती. काहींनी मशाली बांधूनच आणल्या होत्या.

"लाव कौल," पाटील म्हणाला.

"कौल मला घरीच मिळाला," गुरव म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. रेघ सांगितली, शेंदूर सांगितला, सैल फूल सांगितलं. शेवटी म्हणाला, "माझ्या नातीची पळी मी बंद केली. तुमच्या मुलांना आठ दिवस देत राहिलो."

मग पाटलीणबाई पुढे आल्या.

"माझ्या लेकाला तुम्ही तीन पळ्या द्यायचात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मीच मागायची. दुबळा होता ना, म्हणून."

पाटलाने मान खाली घातली.

"काढा तो शेंदूर," पाटलीणबाई म्हणाल्या.

पण मूर्तीला धक्का न लावता काढणार कोण? दगडाचं काम येणारा एकच पाथरवट होता, आणि तो खालच्या आळीत राहायचा. त्याला बोलावलं. तो उंबऱ्याशी थांबला.

"आत येऊ का?"

पाटलाने मान वर केली नाही. पाटलीणबाई म्हणाल्या, "ये बाबा."

पाथरवटाने हातोडीने हलके टोले दिले. शेंदराचा जाड पापुद्रा तडकला आणि चांदीच्या डोळ्यांसकट खाली आला. आत काळाभोर, गुळगुळीत दगड होता. त्यावर एक लांब कोरीव रेघ होती, फुलाफुलांची. पाथरवटाने त्यावरून बोट फिरवलं आणि तो थांबला.

"गुरवबाबा, ही वेणी आहे."

"मग?"

"मग ही पाठ आहे."

कोणाला काही कळेना. पाथरवटाने मूर्ती आणि मागची भिंत यांच्या फटीत हात घातला आणि डोळे मिटून चाचपलं. "नाक आहे. ओठ आहेत. हसते आहे ती."

बायकांनी तोंडाला पदर लावले. इतकी वर्षं वरची आळी देवीच्या पाठीला डोळे लावून तिलाच हात जोडत होती.

भिंतीपलीकडून खालच्या आळीतल्या एका म्हातारीचा आवाज आला. "आमची आजी सांगायची, दार इकडे होतं म्हणून. आम्ही सांगितलं की तुम्ही हसायचात."

कोणे एके काळी कोणीतरी खालच्या आळीचं दार बुजवलं होतं आणि आपल्या बाजूला नवं पाडलं होतं. टेकडीच्याच खडकात कोरलेली देवी काही वळवता येईना. म्हणून तिच्या पाठीवर शेंदूर थापला आणि वर डोळे लावले. पुढच्यांनी नुसते लेप चढवले.

गुरवाने पाथरवटाची पहार मागून घेतली आणि स्वतः भिंत फोडली. मावळतीचं ऊन देवीच्या तोंडावर पडलं. समोर पणतीचा काळा पडलेला दगड होता. त्याच्यामागे पोराबाळांना पोटाशी धरून खालची आळी उभी होती. घरं पेटणार, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

त्या गावात आता दोन्ही दारं उघडी असतात. तीर्थ म्हणून ओढ्याचं पाणी देतात, आणि ते आधी सुईण बघते. बरीच मुलं बरी झाली. सगुणाचा उजवा हात मात्र पुरता सरळ झाला नाही. चांदीचे डोळे दाराच्या चौकटीवर ठोकले आहेत, येणाऱ्या मुलांनी "हे काय आहे?" असं विचारावं म्हणून.

मुलांना तात्पर्य सांगायचं ते एवढंच: आपल्या श्रद्धेवर प्रश्न विचारणाऱ्याला देवाचा वैरी समजू नये आणि देवाने ज्यांच्याकडे पाठ फिरवली असं आपल्याला वाटतं, त्यांच्याकडे एकदा वळून बघावं. देवाचं तोंड तिकडेच असेल.