तळ्यातला तांब्या

एकदा एक शिष्य बोचके बांधून गुरूंचा निरोप घ्यायला आला. नाव सोमदेव, आश्रमातला सर्वांत जुना. कारण होते गदाधर. हा परवा आलेला मुलगा पंक्तीला गुरूंच्या शेजारी बसे, पहाटेची पहिली हाक त्यालाच जाई. सोमदेव ते पाही आणि आतल्या आत जळे. आपण गुरूंचे कुणीच नाही, हे त्याने मनाशी पक्के केले होते.

गुरूंनी त्याच्या बोचक्यातला तांब्या काढला, त्यात वाळू भरली आणि सर्वांना तळ्यावर नेले. अलीकडच्या काठाच्या दोन खांबांशी सोमदेव व गदाधर, पलीकडच्या खांबाशी म्हातारा आचारी. कानांत बोळे घालून नजर आपापल्या खांबाच्या बुडाशी ठेवायची, लहर आली की हात वर करायचा. मग गुरूंनी तांब्या पाण्यात फेकला.

सोमदेवाचा एक डोळा अर्थातच गदाधराकडे होता. गदाधराचा हात आधी वर गेला. सोमदेवाने एक श्वास सोडला, तोच त्याच्याही खांबाला लहर लागली. गुरूंनी 'शोध' म्हणताच तो तणतणत पाण्यात उतरला आणि त्याने गदाधराच्या खांबाभोवतीचा सगळा गाळ चाचपला. तांब्या नव्हता.

"आचाऱ्यांना विचारलंस?" गुरू म्हणाले.

विचारले नव्हते. आचारी म्हणाला, तुम्हा दोघांचे हात खाली आले, तरी माझ्याकडचं पाणी हललं नव्हतं.

गुरू म्हणाले, "तांब्या गदाधराच्या पायाशी असता, तर तुझ्याकडे लहर यायला कितीतरी वेळ लागला असता. फरक होता एका श्वासाचा. तेवढाच फरक या काठापासून त्या काठापर्यंत अनेक जागी पडतो. त्यातली नेमकी जागा तिसऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही. त्यांच्याकडे लहर उशिरा गेली, म्हणजे तांब्या तुम्हा दोघांच्या मध्ये आहे."

सोमदेव मध्यावर आला, गदाधराकडे जरासा सरकला. पायाला तांब्या लागला. तो उचलताना त्याला विचारल्यावाचून राहवेना. "म्हणजे तुम्ही त्यालाच जवळ आहात, हे खरं ना?"

"खरं आहे. एका श्वासाइतका. त्याला मागे घर नाही, बाबा. पण तुझ्यापेक्षा त्याला मी किती जवळ, एवढंच तू रोज मोजलंस. तुला मी किती जवळ आहे, ते कधी मोजलंस?"

सोमदेवाने वळून पाहिले. त्याचा स्वतःचा खांब चार पावलांवर होता.

तांब्यातली वाळू ओतून त्याने तो स्वच्छ विसळला आणि काठावर अवघडून उभ्या असलेल्या गदाधराला म्हणाला, "चल, पंक्तीची पानं मांडायची आहेत."