सौद्यापुरता तिसरा हात

सन दोन हजार एकोणीसचा माघ महिना, थंडी कडाक्याची. माणदेशातल्या जनावरांच्या यात्रेत भागूजी दोरवाल्याने कासऱ्यांशेजारी मोबाईल गळ्यात अडकवायचे विणलेले पट्टे टांगले होते.

बाजार समितीचे सभापती विश्वासराव आपला खोंड विकायला आले आणि ते पट्टे पाहून गरजले, "ही रांग जनावरांच्या व्यवहाराच्या सामानाची आहे. माणसाच्या गळ्यात दावं? उचल दुकान!"

"व्यवहाराचंच सामान आहे, सभापती."

"पटवून दे. पटलं, तर पुढल्या साली रांगेतलं पहिलं दुकान तुझं. खांब मी स्वतः रोवीन."

तेवढ्यात खोंड घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याने झाकल्या बोटांनी गुपचूप भाव ठरवायला रुमाल पुढे धरला. "हात द्या, सभापती."

सभापतींच्या एका हातात उधळ्या खोंडाचा कासरा होता. दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर पुण्याचे थोरले बंधू सौदा बघत होते.

भागूजी म्हणाला, "खोंड सोडा, नाहीतर बंधूंना सोडा. दोघंही हवे असतील, तर सौद्यापुरता तिसरा हात आणा."

सगळा बाजार हसला. सभापतींनी मान पुढे केली. भागूजीने पट्टा घालून मोबाईल अडकवला. मोकळा हात रुमालाखाली गेला आणि खोंड चांगल्या भावाने विकला गेला.

पुढल्या माघात पहिल्या जागेवर सभापतींनी भागूजीचे चारही खांब स्वतः रोवले.