राजाचे नाक आणि चंदनाचा डोंगर

पूर्वी कुसुमावती नगरीत मणिबाहू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका गंध्याच्या घरी जन्मले होते. राजासाठी सुगंधी तेले आणि उटणी करणे हा त्यांचा पिढीजात धंदा.

या राजाला काल आवडलेला सुगंध आज नकोसा होई. तो कुपी भिंतीवर आपटी आणि त्याहून उग्र काहीतरी मागे. त्यापायी चंदनाचा आख्खा डोंगर तोडला जात होता. एका माणसाच्या नाकासाठी डोंगर! आणि दरबारी मंडळी वर माना डोलावीत. सांगतानाही संताप येतो, पण सांगितलेच पाहिजे.

एके दिवशी डोंगरावरची कुरंगी नावाची म्हातारी बोधिसत्त्वांच्या दुकानात शिरली आणि चंदनाचा मूठभर भुसा तिने त्यांच्या अंगावर फेकला.

"घे, हुंग! उद्या आमच्या वाडीवरची शेवटची राई तोडणार. सावली गेली, झरा आटला, आता आम्ही जायचं कुठं? आग लागो तुझ्या राजाच्या नाकाला, आणि तुझ्या हातांना!"

बोधिसत्त्व तिच्यावर चिडले नाहीत. चिडले ते स्वतःवर. ती तेले त्यांनीच तर केली होती. अंगावरचा भुसा न झटकता ते राजवाड्यात गेले.

राजा खेकसला, "तुझ्या कालच्या तेलाला वासच नाही!"

बोधिसत्त्वांनी दाराबाहेरच्या पहारेकऱ्याला आत बोलावले आणि कसला वास येतो ते विचारले. तो नाक दाबीत म्हणाला, "चंदनाचा. डोकं भणाणलं, महाराज."

"वास आहे, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "तुमचं नाक मेलं आहे. डोंगर संपेल, पण तुमची हाव संपायची नाही. सात दिवस अंगाला काही लावू नका आणि तोवर कुऱ्हाडी थांबवा. आठव्या दिवशी काही न लावताही सुखी व्हाल."

"आणि तरीही मी सुखी झालो नाही तर?"

"माझं नाक कापा."

"तुझं नाकही कापीन आणि राईही!" राजा गरजला, पण कुऱ्हाडी त्याने थांबवल्या.

तीन दिवस राजाने थयथयाट केला, ताटे भिरकावली, नोकरांना बदडले. पाचव्या दिवशी तो दमून गप्प झाला. बोधिसत्त्व रोज त्याच्याजवळ नुसते बसून राहत. आठव्या दिवशी सकाळी राजा म्हणाला, "आज फार बरं वाटतंय. कसला सुगंध लावलास इथे?"

"कसलाच नाही, महाराज."

"मग हे सुख आलं कुठून?"

"बाहेरून आलं नाही. म्हणून ते कुणी आणून द्यायलाही नको."

राई वाचली. पण तोडलेला डोंगर बोडका तो बोडकाच राहिला. कुरंगीने राजाला मरेपर्यंत क्षमा केली नाही, आणि तिचे काय चुकले?

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा गंधी मीच होतो. राजा म्हणजे गोडधोडासाठी घरोघर हिंडणारा हा भिक्षू तिष्यक. आणि कुरंगी म्हणजे ती विधवा उपासिका, जिने स्वतःच्या तोंडचा घास काढून दिलेली पेज अळणी म्हणून याने काल तिच्याच दारात ओतली. तिष्यका, आज पुन्हा तिच्याच दारी जा. ती देईल ते खा, आणि दार लावून घेतलं तर उपाशी राहा. हव्यासातून बाहेर पडणं, हीच नैष्क्रम्य पारमिता, म्हणजे त्यागाची पूर्णता."